कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या फोटोंतले दाणे: कुठून येतात आणि कमी कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा: खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने उन्हात काढलेले फोटो स्वच्छ येतात, पण घरात, संध्याकाळी किंवा झूम करून काढलेले फोटो रवाळ दिसतात. सावल्यांत लाल-हिरवे ठिपके उमटतात, चेहरा मोठा करून पाहिला तर कातडी खरखरीत वाटते. कॅमेरा बिघडला आहे का? नवा न घेता हे कमी होईल का?

उन्हातले फोटो चांगले येत असतील तर कॅमेरा धडधाकट आहे. त्याला प्रकाश पुरत नाही, एवढंच. पुढचा प्रत्येक उपाय या एकाच गोष्टीभोवती फिरतो: सेन्सरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपपर्यंत, जास्त प्रकाश पोचवायचा आणि पोचलेला वाया जाऊ द्यायचा नाही.

प्रकाश सलग धारेसारखा पडत नाही, पावसाच्या थेंबांसारखा सुट्या कणांनी पडतो. सेन्सरवरच्या शेजारशेजारच्या दोन पिक्सेलवर (प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म चौकोनांवर) अगदी सारख्या उजेडातही कणांची संख्या थोडी वेगळी येते, आणि हा फरक साधारण एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलला १०,००० कण मिळाले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. डोळ्याला तो कळतही नाही. फक्त १०० कण मिळाले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के, आणि सपाट भिंतही वाळूसारखी दिसते. सेन्सरमधलं इलेक्ट्रॉनिक्स यात आपली थोडी भर घालतं, पण बहुतेक दाणे या कमी उजेडाचेच असतात. म्हणूनच ते आधी सावल्यांत दिसतात आणि आकाशाच्या उजळ भागात नाही.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात हे लवकर जाणवतं, कारण सेन्सर फार लहान असतो. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तेच अ‍ॅपर्चर आणि तोच शटर स्पीड ठेवला (पहिलं म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, ते एफ नंबरने मोजतात आणि आकडा लहान तेवढं तोंड मोठं; दुसरा म्हणजे प्रकाश किती सेकंद आत येतो) तर लहान सेन्सर एकूण प्रकाशाचा तिसावा हिस्सा गोळा करतो. त्याच सेन्सरवर १६ मेगापिक्सेल बसवले की एक पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा उरतो.

त्यात उजेडाच्या बाबतीत डोळा आपल्याला फसवतो. रात्री दिवे लावलेली खोली आपल्याला पुरेशी उजळ वाटते, पण भर उन्हाच्या तुलनेत तिथला प्रकाश आठ ते दहा स्टॉप कमी असतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा, तेव्हा हा फरक अडीचशे ते हजार पटींचा झाला.

आता आयएसओबद्दलचा, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती मोठा करायचा त्या आकड्याबद्दलचा, गैरसमज. ‘आयएसओ वाढला की दाणे येतात, म्हणून आयएसओ १०० वर ठेवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जास्तीचा कण पडत नाही, मिळालेला सिग्नल फक्त मोठा केला जातो. जास्त आयएसओ म्हणजे प्रकाश कमी मिळाल्याची कबुली. अंधाऱ्या खोलीत बाकी काही न बदलता आयएसओ १०० केला तर शटर अर्धा सेकंद उघडं राहील आणि फोटो हलेल, किंवा फोटो काळा येईल आणि संगणकावर उजळताना तेच दाणे आणखी वाईट रूपात वर येतील. आयएसओ खाली आणायचाच आहे, पण त्याच्या जागी प्रकाश देऊन.

आधी निदान करा

वाईट आलेले पाच-सहा फोटो निवडा आणि प्रत्येकाची माहिती उघडा. कॅमेऱ्यावर प्लेबॅकमध्ये ‘डिस्प्ले’ किंवा ‘इन्फो’ बटण दाबलं की दिसते. संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये असते. तीन आकडे टिपा: आयएसओ, शटर स्पीड, अ‍ॅपर्चर.

आयएसओ ८०० किंवा वर आणि एफ नंबर ५.६ च्या आसपास असेल तर झूम दोषी आहे. आयएसओ जास्त पण शटर स्पीड १/१२५ किंवा त्याहून वेगवान असेल, आणि समोरची वस्तू स्थिर असेल, तर कॅमेऱ्याने गरज नसताना वेग निवडला आणि त्याची किंमत आयएसओने मोजली. आयएसओ १०० असूनही फोटो रवाळ असेल तर फोटो कमी उजेडाचा येऊन मागून उजळला गेला आहे, डिजिटल झूम चालू होता, किंवा तुम्ही पाहताय ते दाणे नसून जेपेगचे (कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फोटो-फाइलचे) चौकोन आहेत. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतं. जास्त दाबलं की कडांभोवती डाग आणि चौकटी दिसतात. ‘पिक्सल फुटले’ असं आपण म्हणतो ते बरेचदा हेच असतं. आणि प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी एखादा लाल किंवा पांढरा ठिपका असेल तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा बिघडलेला पिक्सेल. त्याचा आयएसओशी थेट संबंध नाही.

झूम मागे घ्या आणि चालत पुढे जा

सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. बहुतेक कॉम्पॅक्ट लेन्सवर एफ/२.८–५.६ किंवा एफ/३.३–५.९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा झूम न केलेल्या स्थितीचा, दुसरा पूर्ण झूमचा. एफ/२.८ वरून एफ/५.६ म्हणजे दोन स्टॉप, प्रकाश चौथाई. शिवाय झूममध्ये हाताची थरथरही मोठी होते, म्हणून शटर आणखी वेगवान लागतं.

दिव्यांनी उजळलेल्या साधारण खोलीचा हिशोब करून पाहू. आयएसओ १०० ला एफ/२.८ वर तिथे १/८ सेकंद लागतो. झूम न करता, हात टेकवून १/१५ वर काढलं तर आयएसओ २०० पुरतो. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, पूर्ण झूम करून एफ/५.६ आणि १/६० वर काढलं तर आयएसओ ३२०० लागतो. कॅमेरा तोच आणि खोलीही तीच, पण मिळालेल्या प्रकाशात सोळा पटींचा फरक. चेहऱ्याचा फोटो मात्र झूम न करता अगदी जवळून काढू नका, नाक मोठं दिसतं. दीड मीटरवर उभं राहून थोडा झूम वापरा, किंवा नंतर कापा.

डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा. तो चित्राचा मधला भाग कापून ताणतो, त्याबरोबर दाणेही ताणले जातात.

शटर किती हळू चालेल, हे समोर काय आहे यावर ठरतं. पळणाऱ्या मुलाला १/२५० लागतो, बोलणाऱ्या माणसाला १/६०, स्तब्ध बसलेल्याला १/३०, वस्तूला कितीही चालतं. हाताची थरथर कमी करायला कोपर छातीशी घट्ट धरा, पाठ किंवा खांदा भिंतीला टेकवा, दोरी असेल तर गळ्यात घालून ताणून धरा. बटण आधी अर्धं दाबून फोकस होऊ द्या, श्वास सोडा आणि मग उरलेलं हळूच दाबा. कंटिन्युअस मोडवर लागोपाठ तीन काढले तर मधला बहुधा जास्त स्थिर असतो, कारण बोट दाबण्याचा आणि उचलण्याचा धक्का पहिल्या-शेवटच्याला बसतो. कॅमेऱ्यात इमेज स्टॅबिलायझेशन असेल तर दोन-तीन स्टॉपची सवलत धरायला हरकत नाही, पण ते फक्त तुमचा हात सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

वस्तू स्थिर असेल तर हाताचा मोहच सोडा. टेबल, पुस्तकांची चळत किंवा छोटा ट्रायपॉड वापरा, टायमर २ सेकंदांवर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि आयएसओ सर्वांत खालचा. मग शटर दोन सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत शटर हाताने ठरवता येत नाही. तिथे सीन मोडमधला ‘नाइट सीन’ किंवा ‘फायरवर्क्स’ वापरून पाहा. फायरवर्क्स मोड बहुधा आयएसओ खाली धरून शटर काही सेकंद उघडं ठेवतो, त्यामुळे आतषबाजी नसतानाही तो कामाला येतो. ‘स्पोर्ट्स’ किंवा ‘किड्स अँड पेट्स’ नेमकं उलटं करतात: शटर वेगवान, आयएसओ वर.

पूर्ण ऑटो मोडमध्ये आयएसओ बदलताच येत नाही, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते मेनूत शोधत बसतात. डायल ‘पी’ वर फिरवा, मग तो पर्याय उघडतो. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती आवर्जून वापरा. मर्यादा किती, हे तुमच्याच कॅमेऱ्यावर तपासा: अर्धं गडद कापड आणि अर्धी फिकट भिंत येईल अशी चौकट लावा, कॅमेरा टेबलावर ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि आयएसओ १०० पासून वरपर्यंत एकेक फोटो काढा. नंतर ज्या आकारात तुम्ही फोटो खरोखर पाहता त्याच आकारात ते पाहा, आणि जिथे डोळ्याला खुपू लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबा. जुन्या, सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्ये ही रेघ बहुधा ४०० वर येते. २००९ पासून कॉम्पॅक्टमध्ये येऊ लागलेल्या बॅक-इल्युमिनेटेड सीमॉस सेन्सरमध्ये ८०० पर्यंत चालून जातं, एक इंची सेन्सरमध्ये १६०० पर्यंत. ‘हाय आयएसओ’ नावाचे खास सीन मोड टाळा. त्यांतले बरेचसे मेगापिक्सेल कमी करून आणि जबर पुसून आकडा गाठतात.

एक्स्पोजर कमी पडू देऊ नका

मागे खिडकी किंवा दिवा असला की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. नंतर संगणकावर चेहरा दोन स्टॉप उजळला की त्यातले दाणेही तितकेच उजळतात. म्हणून काढतानाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं +/− बटण) +०.३ ते +०.७ द्या, हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकू द्या, फक्त तो उजव्या भिंतीला चिकटणार नाही एवढं पाहा, कारण जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

इथे एक मेख आहे. आयएसओ ऑटोवर असेल तर + दिल्यावर कॅमेरा बऱ्याचदा शटर हळू न करता आयएसओच वाढवतो. फोटो उजळ येतो, पण प्रकाश तेवढाच मिळालेला असतो. आधी आयएसओ हाताने ठरवा, मगच + द्या. असं केलं तरच शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि दाणे खरोखर घटतात.

सावल्या आपोआप उजळणाऱ्या सोयीही तपासा. कॅननमध्ये आय-कॉन्ट्रास्ट, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग, सोनीमध्ये डीआरओ अशी त्यांची नावं. गडद भाग वर ओढायचा हेच त्यांचं काम, आणि गडद भागातच दाणे जास्त असतात. कमी उजेडात ती बंद ठेवा. शार्पनेस एक पायरी खाली आणा, कारण शार्पनिंगला कड आणि दाणा यांतला फरक कळत नाही, तो दोन्हींना धार लावतो. जेपेगची गुणवत्ता ‘फाइन’ वर ठेवा. लेन्सच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर मऊ कापडाने पुसा. त्याने दाणे थेट वाढत नाहीत, पण फोटो धूसर होतो, आपण कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि दाणे उठून दिसतात.

आता खोलीतला प्रकाश. दिवा माणसापासून दोन मीटरवर असेल तर तो एक मीटरवर आणा, प्रकाश चौपट होतो. आयएसओ ८०० चा २०० झाला. दिवसा माणसाला खिडकीपासून एका मीटरच्या आत बसवा आणि स्वतः खिडकीच्या बाजूला उभे राहा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडेल.

दिव्याच्या रंगाचाही यात मोठा वाटा असतो, आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग अगदी थोडा असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग सावरायची सोय, भिंत पांढरी दाखवायला निळा चॅनेल (चित्रातला निळ्या रंगाचा हिस्सा) कितीतरी पट वाढवतो, आणि त्या चॅनेलमधले दाणेही त्याबरोबर वाढतात. पिवळ्या दिव्याखालच्या फोटोंत सावल्यांत निळे-जांभळे डाग दिसतात ते यामुळे. पांढऱ्या दिव्याखाली तोच आयएसओ जास्त स्वच्छ वाटतो. पिवळा दिवाच वापरायचा असेल तर फोटोत थोडा पिवळेपणा राहू द्या.

कॅमेऱ्याचा फ्लॅश वाईट नाही, त्याची पोच तोकडी आहे. दीड ते अडीच मीटरपर्यंत तो नीट काम करतो, झूम केल्यावर त्याहूनही कमी, कारण तिथे लेन्सचं तोंड अरुंद होतं. पोच वाढवायला कॅमेरा ऑटोमध्ये आयएसओ चढवतो, म्हणून फ्लॅश वापरताना आयएसओ २०० वर बांधून घ्या. नुसत्या फ्लॅशने मागची खोली काळी पडते. ‘स्लो सिंक्रो’ निवडलं तर शटर १/१५ किंवा १/८ पर्यंत उघडं राहून मागचा उजेडही येतो.

काही सेकंदांच्या शॉटमध्ये दाण्यांचा दुसरा प्रकार भेटतो: सेन्सरच्या उष्णतेने आपोआप तयार होणारा सिग्नल. तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. बराच वेळ व्हिडिओ काढल्यावर लगेच रात्रीचा लांब एक्स्पोजर घेऊ नका, कॅमेरा बंद करून निवू द्या. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो आणि मूळ फोटोतून वजा करतो. म्हणून आठ सेकंदांच्या शॉटनंतर आणखी आठ सेकंद तो अडकल्यासारखा वाटतो. त्या वेळी तो बंद करू नका.

एकाच्या जागी चार फोटो

स्थिर दृश्यासाठी हा उपाय इतका प्रभावी आहे की साधा कॅमेरा वापरणाऱ्या प्रत्येकाने तो शिकावा. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, दृश्य मात्र तिथेच असतं. चार फोटोंची सरासरी काढली तर दाणे निम्मे होतात, सोळांची काढली तर चौथाई. काही कॅमेऱ्यांत ‘हँडहेल्ड ट्वायलाइट’ किंवा ‘हँडहेल्ड नाइट सीन’ हे काम आतल्या आत करतात.

नसेल तर कॅमेरा टेकवून त्याच सेटिंगवर चार फोटो काढा आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चारही एकावर एक लेयर (थर) म्हणून उघडा. ‘इमेज’ मेनूतून प्रिसिजन १६ बिटवर न्या. सर्वांत खालच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता, टक्क्यांत) १०० ठेवा, त्यावरच्याची ५०, तिसऱ्याची ३३, चौथ्याची २५. मग प्रत्येक फोटोचा वाटा बरोबर चौथा येतो. सगळ्यांना ५० दिलं तर वरचाच फोटो अर्धा हिस्सा खातो आणि फायदा घटतो. फोटो किंचित सरकले असतील तर आधी ह्यूजिन या सॉफ्टवेअरमधल्या अलाइनमेंटने जुळवून घ्या. हॉट पिक्सेल यातून जात नाहीत, कारण ते जागा सोडत नाहीत. ते हीलिंग ब्रशने टिपावे लागतात.

काढून झालेल्या फोटोचं काय

दाण्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखा. उजेडाचे दाणे करड्या वाळूसारखे दिसतात आणि थोडे असले तर डोळा ते सोसतो. रंगाचे दाणे, म्हणजे लाल-हिरवे-निळे ठिपके, लगेच खुपतात, आणि सुदैवाने तेच काढायला सोपे आहेत, कारण रंगाच्या बारकाव्याबाबत डोळा मंद असतो. गिंपमध्ये लेयरची प्रत करा, तिला ४ ते ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या आणि लेयर मोड ‘एलसीएच कलर’ करा. रंग मऊ होतो, तपशील खालच्या लेयरमधून जसाच्या तसा राहतो. ओठ किंवा लाल फुलासारख्या ठिकाणी रंग बाहेर सांडतो, तिथे लेयर मास्कने पुसा.

उजेडाचे दाणे मात्र हात राखून काढा. पूर्ण पुसले की कातडी मेणासारखी होते, केसांचे गोळे होतात आणि गवत रंगाच्या फटकाऱ्यांसारखं दिसतं. एक तृतीयांश दाणे राहू द्यावेत. आधी दाणे काढा, मग फोटो लागेल त्या आकारात लहान करा, शार्पनिंग सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला तर आधी दाण्यांना धार लागते आणि मग ते काढता येत नाहीत.

कॅमेरा रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) देत असेल तर कमी उजेडात रॉच वापरा आणि रॉथेरपी किंवा डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जेपेग बनवताना कॅमेरा घाईत पुसापुशी करतो आणि तो गेलेला तपशील परत मिळत नाही. काही जुन्या कॅनन पॉवरशॉट कॅमेऱ्यांत सीएचडीके हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डवरून चालवून रॉ मिळवता येतं. कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) तसंच राहतं. मात्र नेमक्या तुमच्या मॉडेलसाठी आणि फर्मवेअर आवृत्तीसाठी बनवलेलीच प्रत घ्यावी लागते. एआय वापरून दाणे काढणारी सॉफ्टवेअर कमालीची चांगली झाली आहेत, पण लहान, अस्पष्ट चेहऱ्यांवर ती नसलेले बारकावे घडवतात. माणसांच्या फोटोंत परिणाम मूळ फोटोशेजारी ठेवून तपासा.

आणि पडद्यावर १०० टक्के मोठं करून फोटोला नापास करू नका. १६ मेगापिक्सेलचा फोटो, ४६०८ × ३४५६ पिक्सेलचा, निम्म्या लांबी-रुंदीला आणला की चार पिक्सेलांचा एक होतो आणि दाणे जवळपास निम्मे होतात. ४ × ६ इंची प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. पडद्यावर भयंकर वाटलेला आयएसओ ८०० चा फोटो या प्रिंटमध्ये बहुधा स्वच्छ निघतो.

एका ठिकाणी मात्र हे सगळे उपाय थकतात: अंधुक खोली, हलणारी माणसं आणि फ्लॅशला मनाई. शटर हळू करता येत नाही, चार फोटो जुळत नाहीत, प्रकाश वाढवता येत नाही. तुमचे बहुतेक फोटो अशाच जागचे असतील तर कॅमेरा बदलण्याला अर्थ आहे. तेव्हा मेगापिक्सेल पाहू नका. सेन्सर एक इंची असावा, म्हणजे १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, १/२.३ इंचीच्या चौपट क्षेत्रफळाचा. आणि लेन्स एफ/१.८ किंवा एफ/२ पासून सुरू होणारी. सेन्सरचे दोन स्टॉप आणि एफ/२.८ ऐवजी एफ/२ चा एक मिळून तीन होतात, म्हणजे ज्या खोलीत साध्या कॉम्पॅक्टचा आयएसओ ८०० चा फोटो मिळत होता तिथे साधारण त्याच्या आयएसओ १०० इतका स्वच्छ फोटो मिळतो. दुसरा एफ आकडाही तपासा. एफ/१.८–२.८ आणि एफ/१.८–४.९ या दोन लेन्स झूम न करता सारख्याच उजळ असतात, पण पूर्ण झूमला दुसरी पहिलीच्या एक तृतीयांश प्रकाश देते.